वाघाला अर्थ कळत नाही

वाघ आणि माणूस यांच्यातलं हजारो वर्षांचं वैर अखेर संगीतच मिटवील, अशी घोषणा विभागप्रमुख डॉ. श्रीहरी वासेकर यांनी डिजिटल संगीत तंत्रज्ञान विभागाच्या उद्घाटनात केली. ती दुसऱ्या रांगेपलीकडे कुणालाही ऐकू गेली नाही. ध्वनी हाच ज्याचा विषय, त्या विभागाचा माइक बंद होता, आणि तो सुरू करता येणारी विभागातली एकमेव व्यक्ती पाहुण्यांसाठी समोसे आणायला गेली होती.

ही व्यक्ती म्हणजे रंजीता निमगडे. संशोधक, कंत्राटी. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर कात्रण फ्रेम करून लावतील. रंजीताचं काम असं होतं की झाडीपट्टीतल्या बायकांची गाणी टिपायची, संगणकाकडून त्यांचे बारीक तुकडे करून घ्यायचे, आणि कुठला तुकडा कुठल्या तुकड्याशी सुरात बसतो हे त्याला शिकवायचं. संगणक मग ते तुकडे जोडून नवं गाणं करी आणि सांधा कुठे आहे हे भल्या कानालाही सापडत नसे. काम चांगलं होतं. त्यामुळे त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

लक्ष गेलं ते वाघामुळे. चैत्र आला, मोह टपकू लागला, की आमच्याकडे पेपरात मोह वेचणारी बाई वाघाने नेल्याची एकच बातमी वेगवेगळ्या गावांच्या नावाने येते. एका वर्षी ती फार वेळा आली तेव्हा विद्यापीठाने फर्मान काढलं, की प्रत्येक विभागाने या प्रश्नावर काहीतरी करावं. मराठी विभागाने वाघावर कविसंमेलन घेतलं. वाणिज्य विभागाने वाघावर निबंध मागवले. वाघाने दोन्हींची दखल घेतली नाही.

रंजीताजवळ मात्र खरोखरच एक कल्पना होती, आणि ती तिला पोंभुर्ण्याच्या पुढच्या बोडीटोल्यात मिळाली होती. गाणी टिपायला ती तिथे जाऊन-येऊन असे. तिथली इंदुताई हे त्या गावचं तोंड. तिला रंजीताने एकदा विचारलं होतं, की मोह वेचताना तुम्ही कोणती गाणी म्हणता. इंदुताईने तिच्याकडे दयेने पाहिलं.

"गाणं कायले म्हणन बाई? आमी भांडतो."

मग तिने समजावून सांगितलं. मोहाची झाडं घराघरांत वाटलेली. पहाटे प्रत्येक बाई आपापल्या झाडाखाली, दुसरी हाकेच्या अंतरावर. वाकलेली बाई वाघाला जनावरासारखीच दिसते. माणसाची खूण म्हणून तिच्याजवळ आवाज तेवढा असतो. म्हणून तो चालू ठेवायचा. सासूची उणीदुणी, जावेचे टोमणे, नवऱ्याचं खाणंपिणं, काही का असेना, या झाडाखालून त्या झाडाखाली फेकत राहायचं. आणि कुणाचा आवाज थांबला, की टोपली टाकून तिच्याकडे धावायचं. मागच्या मोहात इंदुताईची जाऊ तापाने घसा बसलेला असताना वाघाने नेली होती. धावल्या सगळ्याच, पण उशीर झाला होता.

रंजीताने तिथल्या तिथे ठरवलं, की बायांचं हे बोलणं टिपायचं, संगणकाने ते तोडून रोज नव्याने जोडायचं, म्हणजे वाघाला त्याची सवय होणार नाही, आणि जंगलाच्या कडेला एक पेटी बसवून तिच्या भोंग्यातून सोडायचं. बोलणारी दमली, घसा बसला, तरी पेटी बोलत राहील. इंदुताईला तिने शब्द दिला, "ताई, औंदा तुमच्यातली कोणी जाणार नाही." श्रीहरी सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी असं लेखी काही दिलं नाही ना, एवढीच चौकशी केली.

बायांच्या पदराला माइक लावून रंजीता आठवडाभर त्यांच्यामागे जंगलात फिरली. प्रयोगशाळेत बसून संगणकाने त्या बोलण्याचे हजारो तुकडे केले. पहिली जुळवणी ऐकली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की सूर झकास बसतो, पण एकीच्या बोलण्याचं डोकं तिच्याच दुसऱ्या बोलण्याच्या धडाला चिकटतं. तिने ते सरांना दाखवलं. सर हसले.

"वाघाला अर्थ कळत नाही, मॅडम."

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की त्यांनी ते शोधनिबंधातही घातलं. गावाला अर्थ कळतो, ही गोष्ट निबंधाच्या कक्षेबाहेर होती.

पेटी लागली. सूर्यावर चालणारी, भोंगा जंगलाकडे तोंड केलेला. फॉरेस्टच्या कॅमेऱ्यात वाघ दिसला, तो आला, थांबला, कान हलवले आणि वळून गेला. बोडीटोल्याने पेटीला नारळ फोडला. रंजीताला आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं, की आपला विषय कुणाच्या तरी जिवाच्या उपयोगी पडला.

चार दिवसांनी पेटी इंदुताईच्या आवाजात खणखणीत म्हणाली, "आमचा बुडा रातभर घोरते, झाडावरचे पाखरं उडून जाते."

आमचा बुडा म्हणजे इंदुताईचा नवरा सोमाजी. शांत माणूस. बैलांशीही हळू बोलणारा. त्या दिवसापासून पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणारे पोट्टे त्याला विचारू लागले, काऊन काका, आज पाखरं कुठी गेले? इंदुताई शपथा घेऊन सांगे, की मी असं म्हटलंच नाही, घोरण्याचं मी सोबत मोह वेचणाऱ्या मनकर्णाच्या नवऱ्याला, बिरजूला म्हटलं होतं. पण आवाज तिचा, दम घेण्याची लकबही तिची. लोकांनी पेटीवर विश्वास ठेवला. पेटीला खोटं बोलायचं काय कारण?

मग पेटीने मनकर्णाच्या आवाजात कांताच्या सुनेला चोर ठरवलं. मनकर्णा चोर म्हणाली होती ते माकडाला. कांताच्या आवाजात पेटीने सरपंचाच्या आईची अशी काही स्तुती केली, की सरपंच दोन दिवस घराबाहेर पडला नाही. संध्याकाळी गावातले पुरुष जंगलाच्या कडेला सतरंजी टाकून बसू लागले. नाटकाचा हंगाम संपला होता, आणि हे फुकट होतं.

बायांनी रंजीताला बोलावून घेतलं. तिने संगणक उघडून दाखवला, तुकडे दाखवले, की बघा, हे तुमचं इथलं आणि ते तिथलं. बायांनी शांतपणे पाहिलं. मनकर्णाने सगळ्यांच्या वतीने विचारलं, "आयकल्याशिवाय बोलन कशी थी?"

रंजीताने परोपरीने सांगितलं, की पेटी फक्त बोलते, ऐकत नाही, तिला कानच नाहीत. कुणालाही पटलं नाही. गावात आजवर जो जो दुसऱ्यांचं सांगत फिरला, तो आधी कुठेतरी कान लावून बसलेलाच होता.

आणि मग बोडीटोल्याच्या बायांनी तीच एक गोष्ट केली, जी कुठल्याही आराखड्यात धरलेली नव्हती. त्या मोहाखाली गप्प बसू लागल्या. नाहीतरी पेटी बोलतच होती.

रंजीताला हे इंदुताईकडूनच कळलं, फोनवर. इंदुताई हसत होती. म्हणाली, की जंगलात आता देवळासारखं वाटते बाई, मी एकटीच कुठी बडबड करू, म्हणून मीही तोंडाले कुलूप लावलं. रंजीता फोन ठेवून तडक सरांकडे गेली. पेटी बंद करू या, म्हणाली. नवं बोलणं टिपू, साधं, कुणाचं उणंदुणं नसलेलं. सरांनी दिनदर्शिका दाखवली. प्रयोग तपासायला समिती येणार होती. बाहेरच्या राज्यातले दोन पाहुणे येणार होते. बंद पेटी पाहायला कोण येतं? त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि समजुतीच्या सुरात तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

तिने चहा घेतला. पेटी बंद केली नाही.

पुढे जे झालं ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. वाघ पेटीला घाबरायचाच. म्हणून त्याने पेटीची बाजू सोडली आणि ओढ्याकडून फिरून आला, जिकडे शांत होतं. ओढ्याकाठचं झाड इंदुताईचं. ती वाकलेली होती आणि बोलत नव्हती.

हाकेच्या अंतरावर मनकर्णा वेचत होती, तिच्या पलीकडे कांता. सगळ्या गप्प होत्या आणि जंगलात सगळ्यांचे आवाज येत होते. इंदुताईचा सगळ्यांत मोठा. ती पेटीतून कांताला टोमणे मारत होती, हसत होती, मीठ आणायला सांगत होती. आवाज थांबला की टोपली टाकून धावायचं, हा त्यांचा नेम. आवाज थांबलाच नाही. ऊन चढल्यावर बाया घरी आल्या. इंदुताई मागून येत असेल असं प्रत्येकीला वाटलं, कारण पाठीमागे ती बोलतच होती.

झाडाखाली टोपली भरलेली सापडली. वेचायचं तिने पुरं केलं होतं.

समिती आली, ठरल्या दिवशीच. पेटी त्या वेळी चालू होती का, हा त्यांचा पहिला प्रश्न. होती. मग पेटीपासून ते झाड किती दूर, हे टेपने मोजलं. पेटीच्या परिसरात एकही हल्ला झाला नाही आणि वाघ पेटीपासून दूर गेला, हे दोन्ही सिद्ध झालं. श्रीहरी सरांनी गंभीर चेहऱ्याने अभिनंदन स्वीकारलं. पाहुण्यांपैकी एकाने आवाजाच्या स्वच्छतेचं विशेष कौतुक केलं.

पेटी फॉरेस्टवाल्यांनी उतरवून नेली. बाया पुन्हा मोहाखाली बोलू लागल्या. रंजीता प्रयोगशाळेत येई, संगणक सुरू करी आणि इंदुताईच्या नावासमोर बोट ठेवून बसे. पुसून टाकायचं तर एक कळ दाबायची होती. तिच्या कंत्राटाचा काळ वाढला होता. प्रयोग यशस्वी ठरला होता ना.

आणि एका दुपारी सोमाजी विद्यापीठात आला.

फाटकावरून निरोप आला तेव्हा विभागात पळापळ झाली. श्रीहरी सरांना अचानक एका बैठकीची आठवण झाली आणि ते मागच्या जिन्याने तिकडे गेले. जाताना म्हणाले, काही कबूल करू नका, मोबाइलवर टिपून घेत असेल. शिपायाने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि तोही बाहेर जाऊन थांबला.

सोमाजी खुर्चीच्या कडेवर बसला. रंजीताने जे कित्येक दिवस घोकलं होतं ते एका दमात सांगितलं, की चूक माझी आहे, मला कळलं होतं, मी त्याच दिवशी पेटी बंद करायला पाहिजे होती, ताईंना मी शब्द दिला होता, तुम्ही तक्रार करा, मी खरं तेच सांगेन. सोमाजीने सगळं ऐकलं. मग खिशातून खर्र्याची पन्नी काढली, तिच्यातून नखाएवढं मेमरी कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. बाजारात गाणे भरून देतात तसं थिचं बोलणं भरून द्या, म्हणाला. घर लय चूप झालं.

रंजीता म्हणाली, की पेटीतलं नको भाऊ, ते मोडून-जोडून केलेलं. मी तुम्हाला ताईंचं खरं बोलणं देते, जसंच्या तसं, आठवडाभराचं.

"त्याच्यात थी माह्याबद्दल काई बोलते?"

रंजीताने ते सगळं अनेकदा ऐकलं होतं. आठवडाभरात इंदुताई गावातल्या प्रत्येकाबद्दल बोलली होती, बैलांबद्दलही. नवऱ्याबद्दल एकदाच. आमच्या बुड्याले चहा गोड लागते, इतकंच. तोच एक 'आमचा बुडा' संगणकाने उचलून शेकडो ठिकाणी बसवला होता. खोटं बोलायला तिला जमलं नाही.

"एकदा," ती म्हणाली.

सोमाजीने मान हलवली. त्याला याचं नवल वाटलेलं दिसलं नाही. कार्ड त्याने बोटाने थोडं पुढे सरकवलं.

"मंग पेटीतलंच द्या. त्याच्यात दिवसभर माहंच नाव घेते."

रंजीताने कार्ड लावलं. भरायला वेळ लागत होता. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती, दोघेही तिच्याकडे पाहत होते. पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा सोमाजीने घसा साफ केला. आता तो जे सांगायला आला ते सांगणार, असं तिला वाटलं, आणि तिने हात जोडूनच ठेवले.

"बाई, एक काम करसान का," तो म्हणाला. "थे घोरणं बिरजूचं हाय. थेवढं त्याचं त्याले देऊन टाका."