किल्ल्याच्या अंगणातली पूजा

"अव्वा, एवढा रस तरी पी. गोळीची वेळ टळून गेली," शिवराज दुसऱ्यांदा म्हणाला.

"बेडा, नको." काशम्माने बाटली बाजूला सारली. "पूजा व्हायचीय अजून."

सिॲटलहून रात्रभर विमानप्रवास करून शिवराजने आई व बायकोला फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनला आणले होते. हॉटेलची खोली तीन वाजता मिळणार होती. तोवर समुद्र आणि स्पॅनिशांचा जुना किल्ला पाहू, असा त्याचा बेत. या बेतात पूजा धरायचीच राहून गेली होती. गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय काशम्मा पाणीही घेत नसे. आता अकरा वाजले होते. ऊन सोलापूरसारखेच होते, आणि तिला साखरेचा आजार होता; उपाशीपोटी साखर एकदम उतरायची भीती.

किल्ल्यातला वाटाड्या सांगत होता, हा दगड शिंपल्यांचा आहे; तोफेचे गोळे लागले तरी भिंत फुटली नाही, गोळेच तिच्यात रुतून बसले. काशम्माने भिंतीवरून हात फिरवला.

"आजच्या दिवस खोलीवर कर ना," शिवराज समजावू लागला. "अंघोळ तरी कुठं झालीय? आणि इथं कोण बघतंय?"

"कुणी बघावं म्हणून करतच न्हाय मी."

सोलापूरच्या तंत्रनिकेतनात ती एकतीस वर्षे कार्यशाळेची परिचर होती. चालत्या लेथजवळ गळ्यात काही लोंबते ठेवायचे नाही, हा तिथला नियम. 'ते काढून कपाटात ठेवा,' असे प्रमुखांनी फर्मावले, तेव्हा दुसऱ्या दिवशी ती लिंगाची चांदीची डबी दंडावर घट्ट बांधून आली. प्रमुखांनी नियम पुन्हा वाचला. त्यात दंडाचा उल्लेख नव्हता. निवृत्तीपर्यंत डबी दंडावरच राहिली.

नळावर तिने हातपाय धुतले, फुलपात्र भरून घेतले आणि अंगणाच्या मधोमध मांडी घातली. कपाळाला विभूती लावली, डबी उघडली आणि लिंग डाव्या तळहातावर घेतले. चारदोन प्रवासी थांबले.

"आत्या, लोक फोटो काढायलेत," सून प्रियदर्शनी वाकून पुटपुटली.

"काढू दे की. पदर नीट हाय न्हवं माझा?"

सुनेने पदराचे टोक सारखे केले. वाटाड्यानेही आवाज उतरवला आणि आपली माणसे सावलीच्या बाजूने पुढे नेली.

शिवराज थोडा वेळ दूर उभा राहिला. मग तो जवळ आला आणि आईच्या चेहऱ्यावर आपली सावली पडेल असा उभा राहिला. तिने पाणी वाहिले. ते बोटांमधून गळून दगडावर पडले आणि पाहता पाहता वाळले.

डोळे उघडून काशम्माने डबी बंद केली. "आण आता तुझा रस."

बाटली देताना शिवराजचा दुसरा हात नकळत स्वतःच्या गळ्याकडे गेला. लहानपणी त्याच्याही गळ्यात बांधलेली डबी सोलापूरच्या कपाटात होती. हाताला कॅमेऱ्याचा पट्टा लागला.

काशम्माने ते पाहिले, आणि ती सावकाश रस प्यायली.