बांधावरचा उतारा

सोजरा मागच्या दाराने आत आली आणि रुखमाबाईने पदर ओढून मांडीवरच्या नातवाचं तोंड झाकलं. हात आपोआप गेला. गावातल्या सगळ्याच बायकांचा जायचा. सोजरा समोर दिसली की तान्हं पोर पदराखाली घ्यायचं, हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. आज गंमत एवढीच, की सोजराला बोलावणं रुखमाबाईनेच धाडलं होतं.

"झाकून ठेवलं त पाहू कसं, पाटलीनबाई?" सोजरा म्हणाली.

रुखमाबाई ओशाळली. तिने पदर बाजूला केला. पोर तापाने फणफणलं होतं. चिखलीच्या डॉक्टरची बाटली संपली होती, पण ताप काही हटत नव्हता. सून रडून रडून तिकडे खोलीत झोपली होती.

सोजरा गावाच्या टोकाला एकटी राहायची. नवरा गेल्यापासून ओढ्याकाठच्या जुन्या विहिरीवरच्या आसरा तिनेच सांभाळल्या होत्या. आसरा म्हणजे शेंदूर फासलेले सात दगड. सोजरा त्यांच्याशी बोलायची, अवसेला दिवा लावायची. तेवढ्यावरून गाव तिला चेटकीण म्हणत होतं, आणि घरात दुखणं आलं की तेच गाव मागच्या दाराने तिला बोलवत होतं.

महादेवराव पाटलांनी मात्र तिला वाड्याची पायरी चढायला साफ बंदी केली होती. धाकटा मुलगा अर्जुनराव अमरावतीच्या कॉलेजातून सुटीवर आला होता आणि त्याचं निराळंच चाललं होतं. "या आसरा आपल्या मूळच्या देवता आहेत, बाबा. देवळांच्याही आधीच्या. सोजरा करते ती खरी जुनी उपासना. विहिरीवर ओटा बांधू, दरसाल उत्सव करू."

"कॉलेजात हेच शिकवते काय बे तुले?" पाटील म्हणायचे, आणि विषय संपायचा.

सोजराने पोराच्या कपाळाला हात लावला. मग दहीभात, भाकरीचा तुकडा, लिंबू, बिब्बा, हळदकुंकू असं सगळं एका पानावर घेतलं. बांधायला काही सापडेना, तेव्हा तिने आपल्या लुगड्याचा हिरवा काठ टरकावला आणि पुडी बांधली.

"पोरावरून उतरवा आन तिवाट्यावर ठेवा. तिवाट्यावरच. मांगं पाहू नका, कोनाशी बोलू नका."

"यांच्या कानावर जाऊ देऊ नको व सोजरे."

"मी कोनाले सांगू? माह्याशी बोलते कोन?"

दिवेलागणीला रुखमाबाई पुडी पदराखाली घेऊन निघाली. तिवाटा हाकेवर आला तोच उंद्रीच्या बाजारातून परतणाऱ्या बैलगाड्यांची घुंगरं वाजली. पाटलाची बायको तिवाट्यावर उतारा ठेवताना दिसली असती, तर गावाला वर्षभर दुसरा विषय लागला नसता. शेजारीच बांधावर बाभूळ होती. पुडी तिच्या बुडाशी ठेवून ती मागे न बघता घरी आली. बांध निवृत्तीच्या शेताचा होता, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

सकाळी पोराचा ताप उतरला. त्याच सकाळी निवृत्तीचा बैल पोट फुगून मेला.

संध्याकाळी पाटलांच्या ओसरीवर गाव जमलं. रुखमाबाई आतल्या दाराआड उभी होती. नातू तिच्या खांद्यावर झोपला होता. मधोमध पाटावर तीच पुडी होती आणि समोर, जमिनीवर, सोजरा.

"करणी हाये ही!" निवृत्ती ओरडत होता. "माह्या बांधावर सापडली. चिंधी पाहा, तिच्याच लुगड्याची. माह्या बैलानं हिचं काय वाकडं केलं होतं?"

"काढा तिले गावाबाहीर. झोडपून काढा," मागून कुणीतरी म्हणालं.

"अंगाले हात लावाचा नाही," पाटील म्हणाले. "चिखलीचा फौजदार जबाब मले मागन." त्यांनी ताटलीत बेलाची पानं आणि भंडारा मागवला. "सोजरे, उचल. आसराची आन घे आन म्हन, ही पुडी माही नाही. म्हटलं का तू मोकळी."

सोजराने हात पुढे केला आणि तो ताटलीवर तसाच थांबला. 'मी ठेवली नाही' एवढंच म्हणायला सांगितलं असतं, तर तिने केव्हाच म्हटलं असतं. पण चिंधी तिची होती, गाठ तिची होती. ज्यांच्यासमोर जन्मभर दिवा लावला, त्यांच्या नावाने ती खोटं कसं बोलणार? आणि खरं बोलायचं तर पाटलिणीचं नाव घ्यावं लागत होतं. दाराआडून रुखमाबाईला हे सगळं कळत होतं, आणि कळत असूनही पाय हलत नव्हते.

सोजराने हात मागे घेतला.

"नाई उचलत."

ओसरीवर एकच गलका झाला. अर्जुनराव उठून म्हणाला, "हे चेटूक नाही हो. ही उपासना आहे. हजारो वर्षांची..."

"मंग तुमच्या दारात ठेवली असती त चाललं असतं का?" निवृत्तीने विचारलं. अर्जुनराव खाली बसला.

"उद्या सकाळी गाव सोडाचं," पाटील म्हणाले.

सोजरा उठली. लुगडं झटकलं. दोन पावलं गेली आणि वळली.

"आसराले दिवा लावन का कोनी?"

ज्याने त्याने नजर दुसरीकडे वळवली. नवऱ्याची भीती रुखमाबाईला होतीच; पण खांद्यावर पोराचं गार कपाळ मानेला लागत होतं, आणि त्याची लाज भीतीपेक्षा जड झाली. डोक्यावरचा पदर सारखा करून ती बाहेर आली. पुरुषांच्या बैठकीत ती पहिल्यांदाच उभी राहिली होती. तिने वाकून ताटलीतला बेलभंडारा उचलला.

"आसराची आन. पुडी म्या ठेवली."

निवृत्तीचं तोंड उघडं राहिलं. पाटील पागोट्याकडे हात नेऊन तिथेच थांबले. पाटलिणीला चेटकीण म्हणायला जीभ कुणाची वळणार?

म्हातारे रंगराव खाकरले. "नातवाले ताप होता ना वहिनी? मंग हा उतारा होता म्हना की."

"हाव हाव. उताराच," दुसरा म्हणाला.

"तिवाट्यावर ठेवाचा तो चुकून बांधावर पडला. होते असं."

लिंबू तेच, बिब्बा तोच, चिंधीही तीच होती. पण करणी हा शब्द मात्र ओसरीवरून असा नाहीसा झाला, की जणू कुणी उच्चारलाच नव्हता. खुद्द निवृत्तीलाही आठवलं, की बैल आदल्या दिवशी कोवळ्या ज्वारीत शिरला होता. कोवळी ज्वारी खाऊन गुरं मरतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"सोजरे, जाय घरी," पाटील म्हणाले. बायकोशी मात्र ते कितीतरी दिवस बोलले नाहीत.

अर्जुनरावाचा उत्साह वाढला. पुढल्या उन्हाळ्यात त्याने खटपट करून विहिरीवर दगडी ओटा बांधून घेतला. आसरा ओट्यावर बसल्या, आंब्याचं तोरण लागलं, आणि अर्जुनरावाने आपल्या आद्य देवतांवर लांबलचक भाषण केलं. वर्षापूर्वी याच दगडांना दिवा लावणाऱ्या सोजराला गावाबाहेर काढायला निघालेली माणसं आता हात जोडून ऐकत होती. सोजरा ओट्याच्या कडेला शेंदराची वाटी घेऊन बसली होती. पहिली ओटी भरायचा मान रुखमाबाईला मिळाला.

ओटी भरून झाल्यावर बायका तिच्या पाया पडायला आल्या. निवृत्तीची सून आली. कडेवर तान्हं पोर होतं, गोरंगोमटं, नुकतं हसायला शिकलेलं.

"आशीर्वाद द्या, पाटलीनबाई."

"ये व माय. पाहू बरं," म्हणत रुखमाबाईने पोराच्या गालाकडे हात नेला.

सून गोड हसली. हसता हसता तिचा हात वर गेला आणि पदर पोराच्या तोंडावर आला.

"झोपला हाये तो," ती म्हणाली. पदराखालून पोराचे दोन्ही पाय जोरजोरात हलत होते.

रुखमाबाईने हात मागे घेतला. पोरीवर रागावावं असंही तिला वाटेना. तो हात तिच्या ओळखीचा होता. ती तिथेच उभी राहिली. पाया पडायला मागे थांबलेल्या लेकुरवाळ्या एकेक करून पाण्याच्या घागरीकडे वळल्या.

सोजराने सगळं पाहिलं होतं. तिने शेंदराची वाटी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली आणि ओट्यावर थोडी सरकून बसली.

"या," ती म्हणाली. "इथं सावली हाये."

रुखमाबाई जाऊन तिच्याशेजारी बसली.