पोटरीतली गाठ

पोटरी

कोइमतूरच्या सोनं गाळायच्या दुकानातून जयराज विट्याला आला तो अख्खा प्रवास बसमध्ये पाय दुमडून. उतरला तेव्हा डावी पोटरी सुजून टणक झाली होती. कराडच्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, संयोगिताला, फोनवरच बजावलं, "शिरेत रक्ताची गुठळी असणार. अजिबात चोळू नका. सुटली तर थेट फुप्फुसात जाईल. लगेच घेऊन या."

ती गाडी सांगून परत येते, तर चुलतसासरे नाना तेलाची वाटी घेऊन बसलेले. तालमीतल्या कितीतरी पैलवानांचे पाय त्यांनी मोकळे केले होते.

मांडी

"आवं नाना, हात लावू नगा! डाक्टर नको म्हणालेत."

"फोनवरनं पाय दिसतो व्हय त्याला?" नाना हसले. "बसून बसून शीर धरलीया."

"चोळू दे गं," जयराज म्हणाला, "लय बरं वाटतंय."

नानांचा हात धरून थांबवायला हवं होतं. पण सुनेनं सासऱ्याचा हात धरायचा कसा? ती घुटमळली. तेवढ्यात नानांचा अंगठा जोर देत घोट्यापासून गुडघ्याकडं सरकला.

"गेली बघ गाठ!"

छाती

बाहेर हॉर्न वाजला. जयराज उठला, उंबऱ्यापर्यंत गेला आणि चौकट धरून खाली बसला. ओठ निळे पडत चालले होते.

"दम लागतोय गं... लय दम लागतोय."

अंगठ्याचं तेल पुसता पुसता नाना थांबले. संयोगितानं त्यांचा हात आता घट्ट धरला होता.

"गाठ गेली म्हणाला न्हवं, नाना? कुठं गेली?"