सर्व्हरकडून अपेक्षा

लिफ्टचे नकाशे काढणाऱ्या आमच्या ऑफिसात सर्व्हर बसवायचं ठरलं. मालक मला म्हणाले, "आधी एकेकाला विचार, काय हवंय. सर्व्हर चालू झाला की तुझी नोकरी पक्की." नोकरी पक्की झाली की मी ताईच्या स्वयंपाकघरात झोपणं थांबवून खोली घेणार होतो. यावर ताई, भावोजी आणि त्यांचं तान्हं बाळ, तिघांचं एकमत होतं.

आजवर सगळ्या फायली एकाच पेनड्राइव्हवर फिरत. तो ज्याच्या खिशात, त्याचं काम चालू. बाकीचे चहा पीत.

आधी ड्राफ्ट्समनला गाठलं, म्हणजे भावोजींनाच.

"एका वेळी किती जण फाइल उघडतील?"

"एकच. दोघांनी उघडली तर भांडायचं कोणाशी?"

"पण सगळ्यांना दिसायला हवी ना?"

"दुसऱ्यानं बघितली की माझी रेघ वाकडी होते, मेहुणे."

हिशेबनीस बाईंना सगळ्यांचं बघायचं होतं, स्वतःचं दाखवायचं नव्हतं. "आणि घरी जाताना पर्समध्ये बसला पाहिजे."

"बाई, सर्व्हर कपाटाएवढा असतो."

"मग आमची गरज तुला कळलेलीच नाही, बाळा."

सामान मागवणारे काका सर्वांत स्पष्ट. "तो कायम दुसऱ्याकडे असला पाहिजे. नाहीतर माझं काम का अडलंय, हे मालकांना सांगू काय?"

मी खूप डोकं खाजवलं. कसंही जुळवलं तरी यांना हवी ती वस्तू यांच्याकडे होतीच: तो पेनड्राइव्ह. खोटं सांगून सर्व्हर मागवता आला असता, पण तो कोणी चालू केला नसता. दोन्हीकडून मरण होतं. ज्यात वजन उचलावं लागणार नव्हतं, ते मी निवडलं आणि मालकांना खरं ते सांगितलं.

मालक खूश झाले. "छान अभ्यास! म्हणजे सर्व्हर नको."

"नको."

"मग सर्व्हरचा माणूसही नको."

यात चूक कुठेच नव्हती. मी शोधून पाहिली.

संध्याकाळी ताईनं दारातच विचारलं, "झालास का रे पक्का?"

"काढलं त्याला," भावोजी म्हणाले. "काम फार चांगलं केलं म्हणून."

"मग जरा वाईट करायचंस! एवढंही जमत नाही?"

स्वयंपाकघरात माझ्या गादीच्या जागी नवं टेबल आलं होतं. भिंतीला अगदी चपखल. भावोजींनी स्वतः माप घेतलं होतं.

"पाय दुमडून बघा, मेहुणे," ते हळूच म्हणाले.

मी टेबलाखाली शिरून आडवा झालो. मावलो.