एकशे चाळीस पौंड

बावीस वर्षं मी टॉकीटना गावच्या धावपट्टीशेजारी, पर्यटकांना हिमनदीवर नेणाऱ्या विमानांच्या ऑफिसात माणसांना वजनकाट्यावर चढवते आहे. आमच्या चिमुकल्या विमानांत पौंडापौंडाला किंमत, आणि स्वतःच्या वजनाबद्दल माणूस बेधडक खोटं बोलतो. म्हणून मी कुणाला विचारतच नाही. "बुटांसकट चढा," म्हणते आणि आकडा टिपून घेते.

माझा पाय मात्र हिमनदीवर कधी पडला नव्हता. हंगामात सगळ्या सीटा विकलेल्या, आणि हंगाम संपला की उड्डाणं बंद. त्या जूनमध्ये ओहायोहून तिघं आले. त्यातल्या एकाने आमचं विमान पाहिलं आणि तो बाकावरून उठायलाच तयार होईना. उरले ड्वाइट आणि त्याची बायको मार्सी. वैमानिक होती माझी लेक ब्रिट. हा तिचा पहिलाच हंगाम.

"आई, सीट रिकामी आहे. चल!"

मी कोटाची बटणं लावतच धावले.

"तुझं वजन लिहिलंस ना?"

"लिहिलं की," मी म्हणाले. एकशे चाळीस. लायसन्सवर तेच आहे, आणि लायसन्स काढलं तेव्हा ते खरंही होतं.

मग काय सांगू! नदी गेली, झाडं गेली, आणि दोन्ही बाजूंना काळ्या दगडाच्या भिंती वर वर चढत गेल्या. खाली बर्फात निळीशार तळी. पंख आता कड्याला लागतो की काय, असं वाटायचं आणि ब्रिट अलगद वळायची. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

"तुम्हाला काय, रोजचंच असेल!" हेडफोनमधून मार्सी म्हणाली.

"अहो, पहिल्यांदाच बघतेय!" मी एवढ्यानं ओरडले की सगळ्यांनी कान धरले.

ब्रिटनं विमान चाकांऐवजी लावलेल्या स्कीच्या पट्ट्यांवर, हिमनदीवर इतकं हलकं टेकवलं की उतरलोय हे मला कळलंच नाही. ड्वाइट बर्फात लोळला, मार्सीनं त्याचे फोटो काढले. ऊन मात्र कडक होतं. अर्ध्या तासात बर्फ भिजून चिकट झाला.

निघताना इंजिन गरजलं, विमान धावलं, धावत राहिलं, पण उठेना. पुढे भेगा दिसायला लागल्या तशी ब्रिटनं वेग आवरला आणि विमान मागे वळवलं.

"बर्फ ओला आहे, मान्य," ती म्हणाली. "पण या वजनाला उठायला हवं होतं. दोनदा हिशेब केलाय मी."

"मी काट्यावर सरळ उभा होतो हं," ड्वाइट घाईघाईनं म्हणाला.

"तुमचं नाही. माझंच काहीतरी चुकलंय." तिचा आवाज बारीक झाला. लहानपणी सायकलवरून पडली की असाच व्हायचा. "मला अजून जमत नाही बहुतेक."

हेडफोनवर ते दोघंही ऐकत होते. ऐकू देत.

"ब्रिट, एकशे सत्त्याऐंशी."

"काय एकशे सत्त्याऐंशी?"

"मी."

ड्वाइट खो खो हसला. मार्सीनं त्याला कोपर मारलं.

"आई! अख्ख्या जगाला काट्यावर चढवतेस आणि स्वतः?"

"हो."

"उतर खाली."

उतरले. तिनं आणीबाणीसाठी विमानात ठेवलेला तंबू, स्टोव्ह, झोपायची पिशवी माझ्यापाशी टाकली. "यांना सोडून येते. सव्वा तास लागेल. इथून एक पाऊल हलायचं नाही." रागानं तिचे कान लाल झाले होते.

या वेळी विमान उठलं. मी टाळ्या वाजवल्या.

मग आवाज विरला आणि एवढ्या मोठ्या पांढऱ्या खोऱ्यात मी एकटी उरले. लाज वाटत होतीच. पण खरं सांगते, लाजेपेक्षा आनंद जास्त होता. मी हात पसरून गोल गोल फिरले. दूर कुठेतरी कड्यावरून बर्फ कोसळला, त्याचा गडगडाट ऐकून हसत सुटले. बघायला होतं कोण?

ब्रिट परत आली तेव्हा उन्हं कड्यावर टेकली होती आणि मी झोपायच्या पिशवीवर बसले होते. उतरून ती माझ्यासमोर उभी राहिली. मी बोलणी खायला तयार होते.

"माझा हिशेब बरोबर होता ना?" तिनं विचारलं.

"अगदी बरोबर होता गं. मीच खोटी होते."

तिनं मान हलवली आणि पिशवीवर माझ्या शेजारी बसकण मारली.

"सरक," ती म्हणाली. "सावली येऊ दे, बर्फ घट्ट होईल. तोवर मलाही बघू दे."