मागच्याने धक्का मारायचा

सासरेबुवांनी तीस वर्षं टॅक्सी चालवली, आणि त्या टॅक्सीचा नियम एकच होता: गाडी बंद पडली की मागे बसलेल्याने उतरून धक्का मारायचा. आज जावयाच्या नव्या कोऱ्या गाडीत ते स्वतःच मागे बसले होते.

पहिल्याच सिग्नलला इंजिन गप्प झालं. सासऱ्यांनी सुस्कारा सोडला, बाह्या सरसावल्या आणि ते खाली उतरले. दार इतकं अलगद लागलं की सिग्नलच्या आकड्यांवर डोळे लावून बसलेल्या जावयाला पत्ताही लागला नाही.

"घाला गिअर!" म्हणत सासऱ्यांनी डिकीला खांदा लावला. तेवढ्यात हिरवा दिवा लागला आणि गाडी एका दमात सुरू होऊन निघाली. या वयातही अंगात एवढी रग आहे म्हणून सासरे खूश झाले. पण गाडी थांबेचना, तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला.

धापा टाकत ते पुढच्या सिग्नलला पोचले. तिथे गाडी पुन्हा गपगार उभी होती आणि जावई आरशाकडेही न बघता मागच्या रिकाम्या सीटला समजावत होता, "इंजिन आपोआप बंद होतं, आपोआप सुरू होतं. एसी जरा कोमट होतो, बॅटरी महाग पडते, पण पेट्रोल किती वाचतं! तुम्ही गप्प आहात म्हणजे पटलंय ना, बाबा?"

सासऱ्यांनी काचेवर टकटक केली.

"पेट्रोल वाचलं खरं, जावईबापू. पण सासरा खर्ची पडला असता!"