देवाच्या बागेचा वर्ग

शिबिर सुरू होऊन एक दिवस झाला नाही तोच तळं हिरवं झालं. काठाला जाड साय धरली, आणि वारा आला की कुजक्या कोबीसारखा वास यायचा. पाळक रेम्पल यांनी पोहण्याच्या धक्क्यावर दोरी बांधली आणि मुलांना जेवणघरात खेळायला बसवलं.

एल्फ्रीडा टाइखरोब मॅनिटोबा प्रांतातल्या या मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती शिबिरात तरुणपणापासून 'देवाची बाग' हा एकच वर्ग घ्यायची. मुलांना काठावर न्यायचं, बेडूक दाखवायचे आणि सांगायचं, हे आपलं नाही, देवानं राखायला दिलंय. या वेळीही तिनं मुलांना नेलंच.

"बाई, हे देवानं केलं?" जोलीन हार्डर नाक दाबून म्हणाली.

"देवाच्या नावावर काय काय खपवाल गं!" एल्फ्रीडा म्हणाली.

तिथंच थांबली असती तर बरं झालं असतं. पण एल्फ्रीडा पोरांना ओढ्यापर्यंत घेऊन गेली आणि टेकाडावरचे डुकरांचे लांबलचक गोठे दाखवले. "तिथली घाण शेतात ओततात. पाऊस पडला की ती ओढ्यात, ओढ्यातून तळ्यात. मग शेवाळ माजतं, मासे मरतात."

"ते गोठे आमचेच आहेत," जोलीन हळूच म्हणाली.

"डुक्करवाली!" मागून कुणीतरी ओरडलं. पोरं खिदळली. एल्फ्रीडानं दटावलं, पण शब्द सुटला तो सुटलाच. दुपारी जेवणाच्या बाकावर जोलीनशेजारी कुणी बसेना.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप, केल्विन, आला. तो चर्चच्या मंडळीतल्या पंचांपैकी एक. ओरडला नाही, नुसता टोपी हातात धरून उभा राहिला.

"माझ्या पोरीला हेच शिकवता, बाई?"

"चुकलं माझं, तिच्यासमोर बोलायला नको होतं. पण केल्विन, तूही लहानपणी याच वर्गात बसला होतास."

"होतो ना. सगळं आठवतंय मला."

"मग?"

"मग काय करू? आज मी डुकरं विकली, तर उद्या कंपनी घेईल. तीच डुकरं, तीच घाण. काल तुम्ही सगळ्यांनी सॉसेज खाल्लीत ना? ती कुठून आली वाटतं?"

एल्फ्रीडानं दोनदा वाढून घेतली होती. जोलीन बॅग घेऊन गाडीत बसली, तिनं मान वर केली नाही.

संध्याकाळी पाळक म्हणाले, "उद्यापासून मणी ओवायचा वर्ग घ्या. बागेचं काय, चित्रं रंगवून घेऊ. आत बसूनच."

माणूस वाईट नव्हता. हे बोलताना तिच्याकडे बघवत नव्हतं त्याला. एल्फ्रीडा 'बरं' म्हणाली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, शिकलेली पोरं मोठी झाली की तळं राखतील. केल्विन काहीच विसरला नव्हता, हे तिला फार लागलं. विसरला असता तर पुन्हा शिकवता तरी आलं असतं.

शिबिर संपल्यावर ती जोलीनची माफी मागायला हार्डरांच्या घरी गेली. पोरीनं दार जरासं किलकिलं केलं.

"बाबा गोठ्यात आहेत."

"मी तुझ्याकडेच आले होते गं."

"मला नाही यायचं परत," जोलीन म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

एल्फ्रीडा पायऱ्या उतरली. मग गाडीकडे निघाली.